काचेच्या धाग्यांची बैठक

शाडूच्या मातीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून माझा भाचा दहा मिनिटं बसला आणि अलगद उठला. मातीत काय उमटलंय ते बघायला आम्ही सगळेच वाकलो. मांड्यांच्या दोन पन्हळी, त्यांच्यामध्ये एक बारीक उंचवटा आणि मागच्या बाजूला लिंबाएवढे दोन खोल खळगे. आपण बसतो तेव्हा भार सगळीकडे सारखा पसरत असेल असं वाटतं. पण कमरेच्या हाडाला खाली दोन टोकं असतात आणि धडाचा बहुतेक भार त्या दोन टोकांवरच उतरतो. सपाट फळीवर तासभर बसलं की नेमकं तिथेच का दुखतं, ते त्या दोन खळग्यांनी दाखवून दिलं.

मे महिना, सकाळचे साडेसहा. जागा जालन्यातली एक पत्र्याची शेड, जिथे एक मिस्त्री फायबरचे पुतळे आणि मूर्ती घडवतात. भाचा पुण्यात नोकरीला आहे. सुट्टीत तो कोलाडला कुंडलिका नदीवर कायाक वल्हवायला जातो. भिरा वीजगृहातून सोडलेलं पाणी त्या नदीत येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती असते. आमच्या जालन्यातूनही कुंडलिकाच वाहते, पण मे महिन्यात तिच्या पात्रात उतरायला नाव लागत नाही. नाव एकच, नद्या दोन. आणि कोलाडच्या कुंडलिकेत बसायची बैठक जालन्याच्या कुंडलिकेकाठी तयार होत होती, याचं मला फार अप्रूप वाटत होतं.

एवढा खटाटोप एका बैठकीसाठी का, हा प्रश्न मलाही पडला होता. होडीत आपण बसतो. कायाक मात्र अंगात घालायची असते, अंगरखा घालावा तशी. पाय पुढे पसरलेले, तळवे आतल्या टेकूवर, गुडघे दोन्ही बाजूंना टेकलेले, कंबर बैठकीत घट्ट. वल्ह्याने पाणी मागे लोटलं की तो जोर हातातून, पाठीतून, कमरेतून आणि पायांतून होडीत जातो. बैठक ढिली असेल तर माणूस होडीत सरकतो आणि जोर तिथेच विरतो. होडी डावीकडे कलली तर तिला कमरेच्या नुसत्या झटक्याने सावरायचं असतं. तिथे बोटभर फट राहिली तरी सावरायला उशीर होतो. शिवाय बैठक जितकी खाली तितकी होडी स्थिर. म्हणून ती पातळ हवी, हलकी हवी, पाण्याने न कुजणारी हवी आणि तिच्यात बसणाऱ्या त्या एकाच माणसाच्या मापाची हवी.

कायाक हा शब्द उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा. ते समुद्रात वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचे आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचे. माप शिकाऱ्याच्या स्वतःच्या अंगाचं. लांबी साधारण तीन वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणाऱ्या अंतराच्या तिप्पट. बसायच्या जागी रुंदी कमरेएवढी अधिक दोन मुठी. वीत, मूठ, हात, वाव ही मापं आपल्याकडेही कालपरवापर्यंत होतीच. ज्याची होडी त्याचं माप. भावाची होडी भावाला नीट बसेलच असं नाही.

मिस्त्रींनी मातीतल्या त्या खळग्यात लगेच काचेच्या धाग्यांची मॅट अंथरली नाही. त्यांनी आधी पीओपी कालवून ओतलं. भाच्याला वाटलं, वेळ वाया चाललाय.

“काका, डायरेक्ट यातच मारली तर?”

“मारता येती ना. पण साच्याकडची बाजू गुळगुळीत निघती आन् वरची खरबरीत. खड्ड्यात मारली तर खरबरीत बाजू तुमच्या अंगाला लागंल. आपल्याला उलटं पाहिजे.”

म्हणजे ठशाचा ठसा. मातीतल्या खळग्यात पीओपी भरायचं, ते घट्ट झालं की माती सोडवायची आणि हातात येतो एक पांढरा उंचवटा, हुबेहूब बसलेल्या माणसाच्या आकाराचा. त्यावर बाहेरून थर चढवायचे. थर उतरवले की आतली बाजू, जी अंगाला लागणार, ती आरशासारखी गुळगुळीत.

हे ऐकताना मला आजीची टोपली आठवली. जुनी वर्तमानपत्रं आणि भरलेल्या वह्या ती दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घालायची. मेथ्या भिजवून वाटायची, त्यांचा चीक त्या लगद्यात मिसळून उखळात कुटायची. मग पालथ्या घमेल्यावर ओलं फडकं पसरून त्यावर तो लगदा थापायची. उन्हात वाळला की टोपली सुटून यायची, आतून घमेल्यासारखी गुळगुळीत, बाहेरून बोटांचे ठसे असलेली. धान्य भरा, पीठ भरा, वर्षानुवर्षं टिकायची. कागदाचे तंतू, मेथीचा चीक, पालथं भांडं आणि मध्ये फडकं. फायबरग्लासची सगळी विद्या त्या अंगणात होती. तंतूंच्या जागी काच घाला, मेथीच्या जागी रेझिन नावाचा चिकट द्रव, घमेल्याच्या जागी पीओपीचा साचा आणि फडक्याच्या जागी मेणाचं पॉलिश.

पण काचच का? सगळ्यात ठिसूळ वस्तू कोणती असं विचारलं तर लहान मूलही काचेचं नाव घेईल. तिच्यापासून होडी आणि बैठक बनते, हे माझ्या मनाला कितीतरी दिवस पटत नव्हतं.

आपल्याकडे कुठल्याही जाड प्लॅस्टिकला ‘फायबर’ म्हणायची सवय आहे. लग्नाच्या मांडवातल्या खुर्च्याही फायबरच्या म्हणवतात, पण त्यांत काचेचा कणही नसतो. खऱ्या फायबरमध्ये काचेचे धागे असतात. वितळलेली काच बारीक भोकांतून ओढून ते काढतात. जत्रेत ‘बुड्ढी के बाल’वाला फिरत्या डब्यात साखर वितळवून जे करतो, त्याच जातीचं हे काम. १९३२ मध्ये अमेरिकेत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेचे ठोकळे एकमेकांना जोडायच्या खटपटीत होता. दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर गेला आणि बारीक तंतूंचा वर्षाव झाला. पुढे १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनीच या धाग्यांवर उभी राहिली.

काचेचा धागा एवढा मजबूत का असतो, याचा उलगडा मात्र त्याआधी झाला होता. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात ए. ए. ग्रिफिथ या तरुण अभियंत्याने काचेच्या काड्या ओढून ओढून बारीक केल्या आणि प्रत्येक वेळी ती काडी किती ताण सोसते ते मोजलं. १९२१ मध्ये त्याने ते छापलं. काडी जितकी बारीक, तितका तिचा दर चौरस मिलिमीटरचा दम जास्त. तीच काच, तीच भट्टी, फक्त जाडी कमी केली की ती कित्येक पट ताण सोसू लागते.

कारण कळायला काच कापणाऱ्याचं दुकान पुरे. तो काच कापत नाही. हिऱ्याच्या कलमाने तिच्यावर एक रेघ ओढतो आणि हलकेच दाबतो. काच बरोबर त्या रेघेवर दुभंगते, कारण ओढलेल्या काचेतला सगळा ताण चिरेच्या टोकाशी येऊन साठतो. आपल्या खिडकीच्या काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा हजारो रेघा असतात आणि त्यातली सगळ्यात वाईट जी, ती तिचं आयुष्य ठरवते. केसापेक्षा कितीतरी बारीक, एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या जाडीच्या धाग्यात मोठी चीर मावतच नाही. शिवाय हजार धाग्यांतला एक तुटला तर तो एकटाच तुटतो; त्याची चीर शेजारच्या धाग्यात शिरत नाही, मधल्या रेझिनशी येऊन वळते आणि थकते. अखंड काचेत मात्र एक चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते.

जालन्याच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आमच्या एमआयडीसीत दिवसरात्र भंगार वितळवून सळया ओढल्या जातात. घराच्या स्लॅबमध्ये जाणारी फे ५०० ची सळई दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताणापर्यंत कायमची वाढत नाही. काचेचा ताजा धागा ३,४०० न्यूटनच्या आसपास जाऊन तुटतो, आणि काच लोखंडाच्या एक तृतीयांश वजनाची. काँक्रीट दाब सोसतं पण ओढलं की तडकतं, म्हणून त्यात सळई घालतात. रेझिनचं तसंच आहे. एकटं रेझिन ठिसूळ, एकटा धागा दोरीसारखा लुळा. रेझिन धाग्यांना जागेवर धरतं, एकाचा भार दुसऱ्यावर पोचवतं; ओढ सोसायचं काम धाग्यांचं. फायबरग्लासची बैठक म्हणजे बोटापेक्षा पातळ असा स्लॅबच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाजारात मिळणाऱ्या मॅटमध्ये दोन-दोन इंचांचे धागे सगळ्या दिशांना विखुरलेले असतात. कुठल्याही एका दिशेला ओढलं तर त्यातले थोडेच कामी येतात आणि निम्म्याहून अधिक जागा रेझिनची असते. त्यामुळे हाताने केलेल्या कामाला ३,४०० चा आकडा लावायचा नसतो. तिथे १०० च्या आसपास मिळाले तरी खूप. पण ती बैठक पोलादाच्या पाचव्या हिश्श्याइतकी हलकी आणि कुठल्याही आकाराला वळणारी असते.

आकाराचंही मोल आहे. पळसाची पानं सपाट टाचली तर पत्रावळ होते आणि ती उचलताना मध्ये वाकते. तीच पानं वळवून टाचली की द्रोण होतो आणि त्यात आमटी राहते. तीन मिलिमीटरची सपाट फायबरची फळी माणसाखाली वाकली असती. खळगे, कडा आणि कमरेजवळचे वळलेले पंखे यांमुळे तीच जाडी ताठ उभी राहते.

साचा पूर्ण वाळायला काही दिवस गेले. मिस्त्रींनी त्यावर मेणाचं पॉलिश चार वेळा चढवलं आणि चारही वेळा कापडाने घासून चमकवलं. मग पीव्हीएचा पातळ हात, म्हणजे वाळल्यावर सुटून येणारा पाण्यासारखा पडदा. मग जेलकोट, म्हणजे अंगाला लागणारा रेझिनचा पहिला गुळगुळीत थर. आणि त्यानंतर आली ती कापसासारखी पांढरी मॅट, चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची. बैठकीचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटरहून थोडं जास्त, थर तीन. म्हणजे काच चारशे ग्रॅमच्या आसपास आणि रेझिन तिच्या सव्वादोन पट, सुमारे नऊशे ग्रॅम. एका माणसाचा भार उचलायला एवढंच.

आणि मग ते घडलं, ज्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो. मिस्त्रींनी मॅट साच्यावर ठेवली आणि ब्रशने रेझिन टिपू लागले. पांढरी, अपारदर्शक, कडक मॅट बघता बघता लुळी पडली आणि मग नाहीशी झाली. खालचा साचा आरपार दिसू लागला. मॅट तिथेच होती, हाताला लागत होती, पण डोळ्यांना दिसेना. भज्यांचा कागद तेलाने पारदर्शक होतो, त्यातलाच हा प्रकार. काच मुळात पारदर्शकच. धाग्यांच्या मध्ये हवा असते म्हणून प्रकाश ठिकठिकाणी वाकतो, विखुरतो आणि मॅट पांढरी दिसते. रेझिन प्रकाशाला जवळजवळ काचेइतकंच वाकवतं. हवेची जागा रेझिनने घेतली की प्रकाशाला काच कुठे संपली आणि रेझिन कुठे सुरू झालं ते कळतच नाही. तो सरळ निघून जातो. जिथे पांढरा ठिपका उरला तिथे हवा अडकली आहे, हे कारागिराला एका नजरेत कळतं.

“हवा काढा, हवा,” मिस्त्री भाच्याच्या हातातल्या रोलरकडे बघत म्हणत होते. “हवा राह्यली की तिथंच फुटंल.”

मॅट लुळी का पडली? तिच्या धाग्यांना एकत्र धरणारी भुकटी रेझिनमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवात विरघळते. हेच स्टायरीन आणखी एक काम करतं आणि नवशिक्याचं नुकसान तिथेच होतं. साचा कोरायला सोपा म्हणून पुष्कळ जण थर्माकोल घेतात. त्यावर पॉलिएस्टर रेझिन लावलं की थर्माकोल डोळ्यांदेखत खचतो, गुळासारखा विरघळतो. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, स्टायरीनच्याच कड्यांची साखळी, आणि सख्ख्या नात्यातला द्रव त्याला सहज आत घेतो. थर्माकोल वापरायचाच असेल तर त्यावर पॅकिंगची टेप घट्ट चिकटवावी, नाहीतर इपॉक्सी वापरावं. ते थर्माकोलला खात नाही.

थर्माकोलचं नाव निघालं आणि माझं मन गोदावरीवर गेलं. जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा गोदावरीची. शहागड, जोगलादेवी, लोणी सावंगी ही तिच्या काठची ठिकाणं. बंधाऱ्यांमुळे तिच्यात आता बरेच महिने पाणी उभं असतं. वरच्या अंगाला जायकवाडीच्या फुगवट्यात मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली होती, शेजारच्या जिल्ह्यातल्या गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची लहान मुलं थर्माकोलच्या जाड तुकड्यावर बसून, हाताने वल्हं मारत, त्या फुगवट्यातून शाळेत जातात. उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या तुकड्याला बैठक नाही, कड नाही, धरायला काही नाही. मूल पाण्याच्या पातळीवर बसतं, पण त्याला होडीशी जोडणारं काहीच नसतं. जरा तोल गेला की ते घसरतं. बैठकीचं शास्त्र शिकताना मला त्या मुलांचं चित्र सारखं दिसत होतं. कलणारी होडी माणसाला कमरेने सावरता येते ती बैठकीमुळे, आणि त्या मुलांकडे तीच नव्हती.

रेझिनच्या कामाच्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत ऊन तापलं आणि मिस्त्रींचे हात भराभर चालू लागले. रेझिन रंगासारखं वाळत नाही. ते आतल्या आत बदलतं. त्याला घट्ट करणारं हार्डनर पडलं की स्टायरीनचे कण रेझिनच्या लांब साखळ्यांमध्ये पूल बांधू लागतात, त्यातून उष्णता निघते, उष्णतेने काम आणखी वेगाने होतं. अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, तसंच हे. परतीची वाट नाही. (म्हणून जुन्या फायबरचं काय करायचं हा जगभर न सुटलेला प्रश्न आहे. लोखंड जालन्याच्या भट्टीत पुन्हा सळई होतं, फायबर पुन्हा फायबर होत नाही.) हार्डनर किलोला दहा ते वीस मिलिलिटर, जालन्याच्या उन्हाळ्यात दहाच्याच बाजूला राहायचं आणि काम पहाटे धरायचं. साच्यावर पातळ पसरलेलं रेझिन नुसतं कोमट झालं, पण मगमध्ये उरलेलं चार बोटं रेझिन धूर काढू लागलं, कारण तिथली उष्णता बाहेर पडायला वाट नव्हती. मिस्त्रींनी ते लगेच पत्र्यावर पसरून ओतलं.

घरी हे करू बघणाऱ्याला तीन गोष्टी कळकळीने सांगतो. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते द्रावण) आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करू नका, स्फोट होतो. आणि बंद खोलीत हे काम करू नका. स्टायरीनच्या वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो, घासताना उडणाऱ्या काचेच्या धुळीसाठी धुळीचा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

हीच कला मोठी झाली की कुठवर जाते ते मराठी माणसाने पाहिलं आहे. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात ‘म्हादेई’ ही छप्पन्न फुटी शिडाची नौका बांधली गेली. तिचा गाभा लाकडी पट्ट्यांचा आणि त्यावर फायबरग्लासची कातडी. ऑगस्ट २००९ मध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने जगाला फेरी घालणारे ते पहिले भारतीय. दक्षिण महासागराच्या लाटा ज्यांनी सोसल्या ते धागे आमच्या शेडमधल्या मॅटच्याच कुळातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक सोडवायला घेतली आणि ती सुटेना. कमरेजवळचे दोन्ही पंखे आत किंचित जास्त वळले होते. साचा वर निमुळता असला तर वस्तू निघते. आत वळला की वस्तू त्याला मिठी मारून बसते. मोदकाचा साचा म्हणूनच दोन पाकळ्यांचा असतो. मिस्त्रींनी कडेने लाकडी पाचर हळूहळू सारली, फटीत पाणी ओतलं, पीव्हीएचा पडदा भिजून सुटला आणि एक मोठा ‘टक्’ आवाज झाला. पीओपीचा साचा दुभंगला, पण बैठक अखंड हातात आली.

कडा कापून घासल्यावर वजन भरलं सव्वा किलोच्या जरा आत. मागच्या बाजूला तेच दोन खळगे होते, नीट जागेवर. भाच्याने ती जमिनीवर ठेवली, पाय पसरून आत बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

कापलेल्या कडेचा एक तुकडा मी घरी आणला आहे. तुम्हालाही तसा मिळेल. भंगारात पडलेला फुटका, खऱ्या फायबरचा कूलर किंवा बायोगॅसची जुनी टाकी दिसली तर तिची तुटलेली कड उन्हात धरून बघा, पण बोट लावू नका. तिथे पांढरे, केसांहून बारीक तंतू बाहेर डोकावताना दिसतील. ती काच आहे.